शेठ नाही म्हणाले

आधी माफी मागतो. लिहायला बसण्याइतका मी कोणी नाही. आमच्या घरात आजवर कोणी पत्त्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. बाबा इतवारीच्या भांडेबाजारात टेम्पो चालवतात, आई लोकांच्या घरी पोळ्या करायला जाते, आणि कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. माझं आतापर्यंतचं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे परीक्षेचा पेपर, तोही पुरवणी न जोडता संपवलेला. त्यामुळे तुम्ही हे वाचायला घेतलंत याचाच मला संकोच वाटतो आहे.

आणि जे सांगणार आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. मामाला नाही — त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा असं असेल, की सरांनी मागितला तो लेख याच्याशिवाय लिहिताच येत नाही.

सर म्हणाले होते, "तू बँकेच्या लिलावातली घरं घेऊन, दुरुस्त करून विकतोस ना? सुरुवात कशी केलीस ते कॉलेजच्या अंकासाठी लिही. पोरांना उपयोग होईल." मी उत्साहाने हो म्हटलं. दुसऱ्या घराबद्दल लिहिता आलं असतं, तिसऱ्याबद्दल तर चांगलंच. पण सर सुरुवात विचारतात, आणि सुरुवात पहिल्या घरापासून होते. ते घर वगळून पुढे कसा जाऊ?

बरं, उपयोगाचं आधी सांगतो. ते मला येतं, आणि चांगलं येतं. हे म्हणायला मी लाजत नाही.

कोणी घरावर कर्ज काढतो, ते फिटत नाही, मग बँक घर ताब्यात घेते आणि लिलावात विकते. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते. बहुतेक लोक ते पान उलटतात. मी दुसऱ्या वर्षाला असताना बँकिंगच्या पेपरात हा कायदा होता, तो पाठ करता करता मला ते पान वाचायची सवय लागली. पुढे नुसतं वाचण्यावर भागेना. जाहिरातीतला पत्ता घ्यायचा, बाबांची जुनी गाडी काढायची आणि घर बाहेरून पाहून यायचं. सकाळी एकदा, ऊन उतरल्यावर एकदा. भिंतीला ओल कुठे आहे, गच्चीचं पाणी कुठून उतरतं, समोरच्या गल्लीत ट्रक शिरतो का. शेजारच्या किराणा दुकानात एखादं बिस्किट घ्यायचं आणि सहज विचारायचं. दुकानदाराला जेवढं माहीत असतं तेवढं बँकेलाही नसतं.

जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं — मालमत्ता जशी आहे, जिथे आहे, तशी विकली जाईल. याचा अर्थ, छत गळलं तर तुमचं नशीब, टॅक्स थकला असेल तर तुमचा, विजेचं बिल राहिलं असेल तर तेही तुमचं. आणि दुसरी गोष्ट, ताबा. बँकेकडे ताबा कागदावरचा आहे की खरोखरचा? खरोखरचा असेल तर दाराला बँकेचं कुलूप असतं. कागदावरचा असेल तर दारावर नोटीस चिकटवलेली असते आणि आत माणसं राहत असतात. अशी घरं स्वस्तात जातात. कारण त्या माणसांना बाहेर कोण काढणार?

नवख्या माणसाने अशा घराच्या वाटेला जाऊ नये, असं मी आता सगळ्यांना सांगतो. मी स्वतः पहिलंच घर तसं घेतलं.

पैसे मामाचे होते. त्याच्या शेताची एक पट्टी रस्त्यात गेली होती, तिचा मोबदला बँकेत पडून होता. मी कितीतरी दिवस त्याला समजावत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "मले यातलं काही समजत नाही गा. तू शिकला, तूच पाहा. मी सही करतो." घर दोघांच्या नावावर झालं, त्याच्या आणि माझ्या. पण घराचं काय करायचं, कधी करायचं, कोणाला हो म्हणायचं, कोणाला नाही, हे सगळं त्याने माझ्यावर सोडलं होतं. हे नीट लक्षात ठेवा. मी उगाच सांगत नाही.

घर मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये होतं. तळमजला, पुढे लोखंडी फाटक, बाजूला पत्र्याची लांब शेड. घरमालक काका तिथे कूलर बनवायचे. नागपुरात हा धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे — थंडीभर पत्रा कापायचा, उन्हाळ्यात विकायचं, आणि त्या दोन-तीन महिन्यांवर वर्ष काढायचं. काकांचे लागोपाठ दोन उन्हाळे धंतोलीच्या दवाखान्यात गेले. शेड बंद राहिली आणि घर गेलं. हे मला नंतर कळलं. घर घेताना मी ओल पाहिली होती, गल्ली पाहिली होती. हे पाहिलं नव्हतं.

ताबा घ्यायच्या दिवशी बँकेचे साहेब म्हणाले होते, "तुम्ही येऊ नका. घेणाऱ्याने त्या दिवशी दूर राहावं." तरी मी गेलो. का गेलो? माझं पहिलं घर होतं. मला दार उघडताना पाहायचं होतं. साधा शर्ट घातला, साहेबांची फाईल हातात धरली आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. तहसीलचा माणूस होता, दोन पोलीस होते, कुलूपवाला होता.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. पण कोणी आवाज चढवला नाही. सामान आधीच बांधून ठेवलेलं होतं. काका अंगणात खुर्चीवर बसले होते, मांडीवर दवाखान्याच्या कागदांची पिशवी. आणि काकू — त्यांचं नाव शोभा, मी मात्र त्यांना नुसतं काकू म्हणायचो — काकूंनी पोलिसांना पाणी दिलं. कुलूपवाल्याला दिलं. मलाही दिलं. मी पेला तोंडाला लावला तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"बाबू, घर कोनं घेतलं?"

उत्तर एका शब्दाचं होतं. मी. तो शब्द काही जड नव्हता. कोणी मला मारणार नव्हतं, पोलीस तर माझ्याच बाजूने उभे होते. मी म्हणालो, "एका शेठनं घेतलं, काकू. मी त्यांच्याकडे कामाला आहे."

हे खोटं मला फक्त त्या दिवसापुरतं हवं होतं. संध्याकाळी ते लोक जाणार, मग कोणाला काय फरक पडणार होता? पण काकूंना वाटलं, हा पोरगा आता इथे काम करणार, तर याला घर समजावून द्यावं. आणि त्या मला घरभर घेऊन फिरल्या. गावाला जाताना शेजारणीला चावी देऊन सांगतात, तसं सगळं सांगितलं. न्हाणीघराची कडी वर उचलून लावायची. मोटर सुरू केली की नळाला आधी लाल पाणी येतं, ते जाऊ द्यायचं. पश्चिमेची भिंत तापते, म्हणून कूलर या खिडकीत लावायचा, त्या खिडकीत नाही. "तुह्या शेठले सांगजो," असं दर वाक्यानंतर म्हणत होत्या. मी मान हलवत होतो.

समोरच्या खोलीत छताला लोखंडी हुक होते. त्याखाली त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे फुलोऱ्याचे." बस एवढंच. मग बाहेर आल्या आणि काकांना हात देऊन उठवलं.

महालक्ष्म्यांबद्दल मी काय सांगू? आपल्याकडे ज्यांच्या घरी त्या बसतात त्यांचं वर्ष त्या तीन दिवसांभोवती फिरतं. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मुखवटे काढायचे, साड्या नेसवायच्या, दारापासून पावलं काढून त्यांना आत आणायचं, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगायचा, दुसऱ्या दिवशी पुरण, आंबील आणि सोळा भाज्यांचं जेवण. आमच्या घरी बसत नाहीत. पण मला ते माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या दिवसांत आई पहाटेपासून दुसऱ्यांच्या घरी पुरणपोळ्या लाटायला जाते. लहानपणी मी तिच्या पदराला धरून जायचो आणि मागच्या ओसरीत माझं पान मांडलं जायचं. लक्ष्म्या जेवल्याशिवाय घरातलं कोणी घास घेत नाही, हे मी भुकेल्या पोटी बघत बसलेलो आहे. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

काम सुरू झालं. श्रावण होता. मी सकाळी कॉलेज करून दुपारी तिथे जायचो. प्लंबिंग झालं, वायरिंग सुरू झालं. वायरिंगला गजूभाऊ होता, कन्हानचा, आजही माझ्याकडे तोच असतो. एक दिवस फाटकापाशी काकू उभ्या दिसल्या. कन्हानहून बसने आल्या होत्या — तिथे त्यांच्या भावाकडे राहत होते दोघं. मी म्हटलं, आत या ना.

"नाही रे बाबू," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं घर आहे. तुह्या शेठले विचारल्याशिवाय कशी येऊ?"

आणि त्या फाटकाबाहेर उभ्या राहूनच बोलल्या.

"शेठले माहं एक विचारशील का? महालक्ष्म्यायचे तीन दिवस घर देईल का म्हना. भावाच्या घरी त्याच्या लक्ष्म्या बसतात. एका छपराखाली दोन घरच्या बसवत नाही आमच्यात. माह्या सासूनं माह्या हातात दिल्या तवापासून एकदाही खंड नाही पडला. पुढच्या सालापर्यंत आमचं काही ना काही होईल. यंदाचंच फक्त. भांडेकुंडे आमचे आमी आनू. पुसून-पासून जसं होतं तसं देऊ."

मी म्हणालो, "विचारतो, काकू."

कोणाला विचारणार होतो?

आता इथे मी तुम्हाला कारणं सांगू शकतो. माझ्याकडे चांगली कारणं आहेत. या धंद्यातले जुने लोक सांगतात, जुन्या मालकाला एकदा आत घेतलं की ताबा गेला म्हणून समजा. फरश्या बसवायच्या होत्या. एक गिऱ्हाईक घर पाहायला येणार होतं. ही कारणं मी त्या वेळी स्वतःला इतक्या वेळा सांगितली, की मला ती खरी वाटायला लागली. पण समोरची खोली गणपती यायच्या आधीच मोकळी होती. गिऱ्हाईक चार दिवसांनी आलं असतं तरी घर पळून जाणार नव्हतं. आणि काकू तिथे ठाण मांडून बसतील, असं मला खरंच वाटत होतं का? फाटकाच्या आत पाय न ठेवणारी बाई?

नाही. कारण वेगळंच होतं. हो म्हणायचं तर शेठ खरा लागला असता. चावी द्यायला, दार उघडायला, त्यांचे आभार ऐकायला कोणीतरी उभं राहावं लागलं असतं. मग मला म्हणावं लागलं असतं, की शेठबिठ कोणी नाही, मीच तो. तुमच्या हातचं पाणी पिऊन तुमच्या तोंडावर खोटं बोललेला. नाही म्हणायला मात्र खोटा शेठही पुरत होता. तो तर जितका खोटा तितका बरा.

म्हणजे एका बाईचं इतक्या वर्षांचं व्रत माझ्या एका लाजेपायी मोडायचं, असं मी ठरवलं. ठरवलं हाच शब्द बरोबर आहे. आपोआप झालं नाही ते.

मी काही दिवस जाऊ दिले. विचारायला वेळ लागला असं वाटावं म्हणून. मग फोन केला.

"काकू, मी खूप सांगितलं. शेठ नाही म्हणाले."

खूप सांगितलं — हे दोन शब्द बोलायची काय गरज होती? नकार तर तसाही पोचला असता. ते शब्द मी माझ्यासाठी घातले. मग काकू म्हणाल्या,

"जाऊ दे, बाबू. तू विचारलं तरी. कोन विचारते असं दुसऱ्यासाठी." आणि लगेच, काळजीने, "माह्यापायी तुले बोलला तर नाही ना तो?"

इथेही मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "थोडे रागावले."

हेच ते. इतका वेळ मी याच्याभोवती फिरतो आहे. घर दिलं नाही, हा गुन्हा आहे की नाही मला सांगता येत नाही, लोक रोज कोणाला ना कोणाला काही ना काही नाकारतात. पण मी तिला नाकारलं आणि वर तिची कीवही घेतली. जिचं घर घेतलं तिच्याकडून मी लाड करून घेतले. थोडे रागावले! हे बोलताना मला वाईट वाटत नव्हतं, तेही सांगून टाकतो. मला बरं वाटत होतं. कोणीतरी आपली काळजी करतं आहे, असं.

त्यानंतर त्या एकदा आल्या, डबा घेऊन. साबुदाण्याचा चिवडा होता. माझ्यापायी तुला बोलणी खावी लागली, म्हणाल्या. पुन्हा फाटकाबाहेरच. आत गजूभाऊ होता, तो कन्हानचा म्हणून ओळखीचा निघाला, त्याच्याशी दोन शब्द बोलल्या, "आमच्या या पोराले सांभाळजो रे." गजूभाऊ स्टुलावरून हसला. त्याला वाटलं, काकूंची माया. मग जाता जाता त्या शेठबद्दल म्हणाल्या, रागाने नाही, विचार करून ठेवल्यासारखं,

"त्याच्या घरी बसत नसन रे लक्ष्म्या. म्हनून समजलं नाही त्याले."

मी डबा धरून उभा राहिलो. त्यांचं बरोबरच होतं. त्याच्या घरी बसत नव्हत्या. त्याची आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी ग्राइंडरवाल्याला बोलावून छताचे हुक कापून घेतले. तिथे पीओपीचं छत करायचंच होतं, पण ते काम बरंच पुढचं होतं. घाई एवढ्यासाठी, की माझं मन बदलू नये. हुक गेले की प्रश्न मिटला, असा माझा हिशोब. ठिणग्या पडत होत्या आणि मी शिकल्यासवरल्या माणसासारखा खाली उभा राहून "जपून, भिंतीला लागेल" म्हणत होतो.

महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी आईने कोणाच्या तरी घरून पोळ्या आणि आंबील आणलं. मी जेवलो. चव गेली, घास उतरला नाही, असं काही झालं नाही. पोटभर जेवलो आणि अभ्यासाला बसलो.

मामा काम पाहायला आला तेव्हा छताच्या चौकटीचं काम चाललं होतं. त्याने वर पाहिलं. कापलेल्या हुकांची काळी टोकं अजून दिसत होती.

"हे काय होतं गा?"

"फुलोऱ्याचे हुक. जुन्या लोकांचे."

"मंग यंदा कुठं बसल्या त्यायच्या लक्ष्म्या?"

"मला काय माहीत?"

मामा खोलीत एक चक्कर मारून आला. म्हणाला, "विचाराचं होतं ना गा त्यायले. घर तर रिकामंच होतं आपलं. तीन दिवसांत काय झिजलं असतं?"

मी म्हटलं, "हो ना. लक्षात नाही आलं."

म्हणून मघाशी म्हटलं, नीट लक्षात ठेवा. ज्याचे पैसे होते, ज्याची सही होती, तो न मागता हो म्हणून मोकळा झाला होता. नाही म्हणणारा आख्ख्या जगात एकटा मीच होतो. आणि मामाशीही खोटं बोललो, इतक्या सहज, की पुढे फरशीच्या रंगावर आमचं बोलणं सुरू झालं.

दसऱ्याला घर विकलं गेलं. चांगलं विकलं गेलं. मामाच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जो भाव आला तो मी आधी कोणाच्याच डोळ्यांत पाहिला नव्हता. माझी फी भरली गेली, बाबांच्या टेम्पोचं इंजिन नवं झालं. मग दुसरं घर घेतलं, मग तिसरं. आता चौथं सुरू आहे. कुठल्या भिंतीला हात लावायचा आणि कुठली नुसती रंगवायची हे मला कळतं. गिऱ्हाईक स्वयंपाकघरात किती वेळ थांबतं त्यावरून मी सांगतो, हे घर घेणार की नाही. या धंद्यात मी टिकणार, यात मला शंका नाही.

आणि ताब्याच्या दिवशी मी आता सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. कोणी विचारायच्या आत सांगतो, घर मी घेतलं. लोक बोलतात. एका आजोबांनी थुंकून दाखवलं. ऐकून घेतो, पाहून घेतो. हे भरपाई म्हणून सांगत नाही. त्याने मानेवाड्याच्या घराचं काहीच परत येत नाही, तेवढं बँकिंग मला येतं.

काकू अधूनमधून फोन करायच्या. "बाबू, परीक्षा झाली का? शेठ पगार वेळेवर देते ना?" मी म्हणायचो, देतात. एकदा तर पगार वाढवला असंही सांगितलं, आणि त्या इतक्या खूश झाल्या की मी त्यांना शेठच्या आणखी दोन चांगल्या गोष्टी सांगितल्या. त्यांना तो थोडा बरा वाटावा म्हणून. का? मला त्यांच्या नजरेत तोही चांगला हवा होता आणि मीही. लक्ष्म्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. मुखवटे पेटीत आहेत, एवढं एकदा ओझरतं बोलल्या, आणि मी विषय बदलून काकांच्या तब्येतीवर नेला. पुढे धंद्यासाठी नवा नंबर घेतला, तो सगळ्यांना कळवला. त्यांना कळवला नाही. जुना बंद केला. विसरलो नव्हतो. यादी समोर घेऊन बसलो होतो आणि त्यांच्या नावावरून पुढे गेलो.

अशी दोन वर्षं गेली. त्यांच्या लक्ष्म्या दोन्ही वर्षं बसल्या नाहीत. हे मला गेल्या आठवड्यात कळलं, आणि त्याबरोबर बाकीचंही.

आम्ही हुडकेश्वरच्या घरात होतो. गजूभाऊ शिडीवर चढून पंख्याचा बॉक्स बसवत होता, मी खालून स्क्रू देत होतो. तो बोलता बोलता म्हणाला,

"अरे भाऊ, त्या मानेवाड्याच्या काकू भेटल्या होत्या बाजारात, कन्हानले. तुले शोधून राहिल्या. फोन लागत नाही म्हने."

त्याने हात पुढे केला, मी स्क्रू दिला.

"दोन खोल्या घेतल्या त्यायनं, किरायानं. काका बरे आहेत आता, बसल्या बसल्या कूलरच्या मोटरी दुरुस्त करतात. दोन साल खंड पडला म्हने, पन आता भटजीले विचारून यंदा लक्ष्म्या बसवून राहिल्या. तुले जेवाले बोलावलं." तो स्क्रू पिळत होता, म्हणून तुटक बोलत होता. "अन् तुह्या शेठलेही घेऊन ये म्हने. त्याले सांग म्हने, मनात काही ठेवलं नाही."

मग त्याने पिळणं थांबवलं आणि शिडीवरून माझ्याकडे खाली पाहिलं.

"कोनचा शेठ गा?"

मी पुढचा स्क्रू शोधत राहिलो. तो डब्यात वरच होता. गजूभाऊ पुन्हा छताकडे वळला.

"जाऊ दे. मले काय करायचं? तू ये किंवा नको येऊ, त्यायनं तर मले पक्कं सांगून ठेवलं," तो वर बघतच म्हणाला. "दोघायचे पानं मांडते म्हने. तुहं अन् शेठचं, शेजारी शेजारी."